क्लिओपात्राच्या सौंदर्याची चर्चा जगभर झाली, पण तिचं राज्य तरणार की बुडणार हे नाईलचा पूर ठरवत होता

क्लिओपात्रा म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? गाढविणीच्या दुधाची आंघोळ, गालिच्यात गुंडाळून सीझरसमोर आलेली राणी, अँटनीसोबतचं प्रेमप्रकरण आणि शेवटी नागाचा दंश. सिनेमावाल्यांनी दोन हजार वर्षांपूर्वीची ही बाई आपल्या डोक्यात अशीच बसवून ठेवलीय.

पण तिच्या काळातले जे कागद म्हणजे पपायरस वाळूत टिकून राहिले, त्यांत प्रेमप्रकरणं जवळजवळ नाहीतच. त्यांत आहे गहू. गहू कुठे न्यायचा, कुठे न्यायचा नाही, कोणाकडून किती सारा घ्यायचा, कोणाला माफ करायचा. कारण इजिप्तच्या गादीवर बसलेल्या माणसाचं खरं काम तेच होतं. आणि त्या कामात क्लिओपात्राचं नशीब असं, की तिच्या २१ वर्षांच्या राजवटीत नाईल नदीने एकदा नाही, अनेकदा दगा दिला.

तिची गोष्ट समजून घ्यायची तर आधी नाईलचं गणित समजून घ्यावं लागतं.

इजिप्तमध्ये पाऊस जवळपास पडतच नाही. तरीही हजारो वर्षं तिथे भरघोस पीक यायचं, कारण पाऊस दुसरीकडे पडायचा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पावसाळा असतो ना, त्याच महिन्यांत इथिओपियाच्या डोंगराळ भागातही मान्सून कोसळतो. ते पाणी निळ्या नाईलमधून आणि अटबारा नदीतून सोबत काळी माती घेऊन खाली यायचं. जूनच्या सुमारास अस्वानपाशी नदी फुगायला लागायची, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पूर भरात यायचा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत ओसरायचा.

आपल्याकडे पूर आला की नुकसान, पंचनामे आणि मदतीची घोषणा. इजिप्तमध्ये नेमकं उलटं. पूर आला नाही तर नुकसान.

शेतकऱ्यांनी नदीच्या दोन्ही बाजूंना मातीचे बांध घालून मोठमोठी खाचरं केलेली असायची. पुराचं पाणी पाटांतून या खाचरांत सोडायचं, बांध बंद करायचे आणि साधारण दीड महिना ते तसंच कोंडून ठेवायचं. तेवढ्या काळात जमीन खोलवर भिजायची, गाळ तळाशी बसायचा आणि आधीच्या वर्षी जमिनीत साठलेले क्षार पाण्यासोबत धुऊन जायचे. मग उरलेलं पाणी खालच्या खाचरात किंवा परत नदीत सोडून द्यायचं आणि ओल्या चिखलात बी फेकायचं. बी मातीत दाबायला मेंढरांचे कळप त्यावरून चालवायचे. गहू, जव, जवस आणि डाळी याच ओलीवर पिकायच्या, बहुतेक ठिकाणी पुन्हा पाणी द्यायची गरजच नसे. नोव्हेंबरात पेरणी, मार्च-एप्रिलपासून कापणी.

उजनी किंवा जायकवाडीच्या काठावर राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. धरणाचं पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या जमिनीत आपले शेतकरी जे पीक घेतात, त्याला आपण गाळपेर म्हणतो. अख्खा प्राचीन इजिप्त म्हणजे एक हजार किलोमीटर लांबीची गाळपेर जमीन होती असं समजा.

त्यांचं वर्षसुद्धा यावरच बेतलेलं. चार महिने पुराचे, चार महिने पेरणी आणि वाढीचे, चार महिने कापणीचे. पूर जवळ आलाय हे सांगायला आकाशात व्याधाचा तारा होता. सुमारे सत्तर दिवस दिसेनासा झालेला हा तारा पहाटे पूर्वेला पुन्हा उगवला की नदी फुगणार. हा तारा म्हणजे इसिस देवी, आणि नवरा ओसायरिसच्या शोकात तिने ढाळलेल्या अश्रूंनी नदीला पूर येतो अशी श्रद्धा होती. हे लक्षात ठेवा, कारण क्लिओपात्रा पुढे स्वतःला याच देवीचा अवतार म्हणवून घेणार होती.

यात एकच गोम होती. पूर हवा तेवढाच यायला हवा. कमी आला तर उंचावरची खाचरं कोरडी, जास्त आला तर बांध फुटून गावं पाण्यात. म्हणून नदीकाठच्या देवळांत पायऱ्यांवर किंवा भिंतींवर खुणा कोरून पाणी मोजलं जायचं. अस्वानजवळच्या एलिफंटाइन बेटावरची अशी मोजणीची जागा आजही बघता येते. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी याने या मोजमापाचा हिशोब देऊन ठेवलाय. पाणी १२ हात चढलं तर उपासमार, १३ हातांनाही पोट भरत नाही, १४ हातांना लोक खुशीत, १५ हातांना निर्धास्त आणि १६ हातांना आनंदीआनंद. एक हात म्हणजे साधारण अर्धा मीटर. म्हणजे उपासमार आणि चैन यांच्यात फरक जेमतेम दोन मीटर पाण्याचा.

सरकारी साराही त्यावरच ठरायचा. पूर ओसरला की मोजणीदार शेतात उतरायचे, किती जमीन भिजली आणि किती कोरडी राहिली ते लिहायचे आणि त्यावरून कोणाकडून किती धान्य यायचं ते ठरायचं. नाईल हा इजिप्तचा शेतकरीही होता आणि तलाठीही.

अशा देशात इ.स.पू. ६९ मध्ये क्लिओपात्रा जन्मली. तिचं घराणं मूळचं इजिप्तचं नव्हतं. अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर त्याचा सेनापती टॉलेमी याने इजिप्त बळकावला, त्याची ही मॅसेडोनियन वंशावळ. जवळजवळ तीनशे वर्षं राज्य करूनही या घराण्यातल्या कोणी रयतेची भाषा शिकायची तसदी घेतली नव्हती. ग्रीक बोलायचं, अलेक्झांड्रियात राहायचं आणि नदीवरून येणारं धान्य मोजून घ्यायचं. प्लुटार्कच्या म्हणण्यानुसार इजिप्ती भाषा शिकणारी क्लिओपात्रा ही या घराण्यातली पहिलीच. त्याच प्लुटार्कने असंही लिहून ठेवलंय की तिचं रूप काही अतुलनीय वगैरे नव्हतं, भुरळ पडायची ती तिच्या बोलण्याची.

तिला वारशात राज्य मिळालं तसं कर्जही मिळालं. वडील बारावे टॉलेमी. लोक त्यांना बासरीवाला म्हणून हिणवायचे. गादी टिकवायला त्यांनी रोममधल्या बड्या लोकांना पैसे चारले. सीझर आणि पाँपे यांना मिळून जवळपास ६,००० टॅलंट कबूल केले. हा आकडा इजिप्तच्या सगळ्या वर्षाच्या महसुलाच्या आसपास जाणारा होता. इ.स.पू. ५८ मध्ये चिडलेल्या प्रजेने राजाला पळवून लावलं आणि तीन वर्षांनी तो रोमन फौज घेऊन परत आला. येताना नवं कर्ज घेऊन आला. कर्ज देणारा रोमन सावकार राबिरियस यालाच त्याने राज्याचा अर्थमंत्री करून टाकलं. सावकाराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या! वर्षभरात लोकांनी त्यालाही हाकलला, पण वसुली व्हायची ती झालीच, आणि ती शेवटी शेतातूनच.

इ.स.पू. ५१ मध्ये बाप गेला आणि १८ वर्षांची क्लिओपात्रा, सोबत १० वर्षांचा भाऊ तेरावा टॉलेमी, असे दोघे गादीवर बसले. घराण्याच्या रिवाजाप्रमाणे बहीण-भाऊ एकत्र राज्य करायचे. गादीवर येताच त्याच वर्षी २२ मार्चला दक्षिणेत आर्मंट इथे बुखिस या पवित्र बैलाची प्रतिष्ठापना झाली. बैलाला नावेतून नाईलवरून वाजतगाजत नेण्यात राणी स्वतः सहभागी होती असा तिथल्या शिळालेखाचा अर्थ लावतात. काही अभ्यासकांना हे फक्त शिष्टाचाराचं वाक्य वाटतं. पण खरं असेल तर अलेक्झांड्रियाच्या महालातली एक मुलगी शेकडो किलोमीटर आत, शेतकऱ्यांच्या मुलखात, त्यांच्या देवाच्या मिरवणुकीत गेली होती. आधीच्या टॉलेमींपैकी फारच थोड्यांना हे सुचलं असतं.

देव मात्र पावला नाही. सुरुवातीच्या वर्षांतच धान्य कमी पडायला लागलं. २७ ऑक्टोबर, इ.स.पू. ५० या तारखेचा एक शाही हुकूम सापडलाय. मध्य इजिप्तमधून गहू किंवा डाळी खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्यांनी माल फक्त अलेक्झांड्रियालाच न्यायचा. दक्षिणेलाही नाही, उत्तरेच्या त्रिभुज प्रदेशातही नाही. मोडलं तर देहान्त. चुगली करणाऱ्याला गुन्हेगाराच्या मालमत्तेतला हिस्सा बक्षीस, आणि चुगली करणारा गुलाम असेल तर त्याची सुटका.

तारीख बघा. ऑक्टोबरअखेर म्हणजे पूर ओसरत आलाय, किती जमीन भिजली ते सगळ्यांना दिसलंय आणि पुढच्या कापणीला अजून पाच-सहा महिने आहेत. दुष्काळाची चाहूल लागल्यावर सरकारने सगळ्यात आधी राजधानीचं पोट सांभाळलं. अलेक्झांड्रियात त्या काळी तीन लाख स्वतंत्र नागरिक राहत होते असं डायोडोरस सांगतो. हे लोक भुकेले झाले की राजवाड्यावर चालून जायचे, राजाला मारायचे किंवा पळवून लावायचे. खेड्यातला माणूस भुकेला झाला की गाव सोडून पळायचा. याच सुमाराच्या एका पपायरसमध्ये एका गावाच्या पुजाऱ्यांनी गाऱ्हाणं मांडलंय की लोक गाव सोडून गेले आणि देवळात आता तेवढे तेच उरलेत. सरकारने कोणाला घाबरायचं हे ठरलेलं होतं.

त्या हुकुमात राजाचं नाव आधी आहे, राणीचं नंतर. भावाभोवतीच्या दरबाऱ्यांनी तोवर क्लिओपात्राला बाजूला सारलं असावं असं अभ्यासक मानतात. पुढच्या वर्षी पाँपेने सीझरशी लढायला मदत मागितली तेव्हा इजिप्तने जहाजं, सैनिक आणि धान्य पाठवलं. स्वतःच्या देशात टंचाई असताना. लोक चिडणारच. थोड्याच दिवसांत राणीला राजधानी सोडून पळावं लागलं आणि ती सीरियाच्या बाजूला सैन्य जमवायला लागली.

इ.स.पू. ४८. प्लिनीच्या नोंदीप्रमाणे नाईलचा आजवरचा सर्वांत कमी पूर याच वर्षीचा. फक्त पाच हात! उपासमारीच्या खुणेच्याही कितीतरी खाली. याच वर्षी फार्सालसला हरलेला पाँपे आश्रयाला आला आणि पोरसवदा राजाच्या सल्लागारांनी त्याला किनाऱ्यावरच मारला. प्लिनीला वाटलं की या खुनाची नदीलाही किळस आली म्हणून ती चढली नाही. पण खून झाला सप्टेंबरच्या शेवटी आणि पुराचा भर तोवर उलटून गेलेला असतो, तेव्हा नदीवरचा हा आरोप टिकत नाही.

पाठोपाठ सीझर आला आणि मग तो प्रसिद्ध प्रसंग. (जाता जाता, तो गालिचा नव्हताच. प्लुटार्कने लिहिलंय ते अंथरूण बांधायच्या पिशवीबद्दल.) अलेक्झांड्रियात युद्ध पेटलं. शहराला पिण्याचं पाणी यायचं तेही नाईलच्या कालव्यातून, जमिनीखालच्या टाक्यांत. विरोधी सैन्याने सीझरच्या ताब्यातल्या भागाच्या पाण्यात समुद्राचं खारं पाणी मिसळलं. सीझरने रातोरात विहिरी खणून गोडं पाणी काढलं. इ.स.पू. ४७ च्या जानेवारीत शेवटची लढाई झाली आणि पळून जाताना माणसांनी खचाखच भरलेली नाव उलटून तेरावा टॉलेमी नाईलमध्ये बुडाला.

क्लिओपात्रा पुन्हा राणी झाली. आता सोबतीला आणखी धाकटा भाऊ, चौदावा टॉलेमी, नावापुरता. सीझरला घेऊन ती नाईलवरून मोठ्या ताफ्यानिशी दक्षिणेकडे गेली. सिनेमात हा मधुचंद्र असतो. सीझरसाठी मात्र हा रोमचं पोट भरू शकणाऱ्या देशाचा पाहणी दौरा होता, आणि राणीसाठी आपल्यामागे कोण उभं आहे हे रयतेला दाखवण्याचा. त्याच वर्षी सीझरियन जन्मला.

या भेटीतून निघालेली एक गोष्ट आजही आपल्या भिंतीवर टांगलेली असते. नाईलच्या पुरावर आणि व्याधाच्या उगवण्यावर नजर ठेवून इजिप्तने ३६५ दिवसांचं वर्ष फार आधी बसवलं होतं. त्यात दर चार वर्षांनी एक दिवस वाढवावा असा ठरावही इ.स.पू. २३८ मध्ये टॉलेमींच्या राज्यात झाला होता, पण तो अमलात आला नाही. सीझरने सोसिजेनिस या जाणकाराच्या सल्ल्याने इ.स.पू. ४५ पासून रोममध्ये नेमकं हेच लागू केलं. लीप वर्ष आपल्याकडे आलं ते असं.

इ.स.पू. ४४ च्या मार्चमध्ये सीझरचा खून झाला. क्लिओपात्रा तेव्हा रोममध्येच होती. ती परतली, काही महिन्यांत धाकटा भाऊही मेला (तिनेच विष घातलं असं जोसेफस म्हणतो) आणि तिने तान्ह्या सीझरियनला सहराजा केलं. आता गादी पूर्ण तिची होती.

आणि तेव्हाच सगळ्यात वाईट काळ सुरू झाला.

तिच्या राजवटीच्या दहाव्या आणि अकराव्या वर्षी नाईलला पूर आलाच नाही, असं सेनेकाने लिहून ठेवलंय. म्हणजे इ.स.पू. ४३ आणि ४२. एक वर्ष पूर चुकला तर कोठारातलं धान्य आणि बियाणं यांवर निभावून नेता येतं. सलग दोन वर्षं चुकला तर लोक बियाणंच खातात. पुढच्या वर्षी पूर चांगला आला तरी पेरायचं काय?

दुष्काळामागोमाग रोगराई आली. सीझरचा मारेकरी कॅसियस याने राणीकडे जहाजं मागितली तेव्हा तिने दुष्काळ आणि साथीचं कारण सांगून नकार दिला. ही राजकीय सबब होती असं समजायला जागा आहे, कारण तिला कॅसियसला मदत करायचीच नव्हती. पण सबब खोटी नव्हती.

नाईल का रुसली याचं उत्तर दोन हजार वर्षांनी बर्फात सापडलं. ग्रीनलँडच्या बर्फात खोल भोकं पाडून काढलेल्या नळकांड्यांत ज्वालामुखीची राख आणि गंधकाचे अंश वर्षवार साठलेले असतात. २०२० मध्ये संशोधकांच्या एका गटाने दाखवलं की इ.स.पू. ४३ च्या सुरुवातीला अलास्काच्या अल्युशियन बेटांवरच्या ओकमोक या ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता. त्याचं मुख आज सुमारे १० किलोमीटर रुंद आहे. उद्रेकातले गंधकाचे कण वातावरणात पसरले, सूर्यप्रकाश अडला आणि पुढची दोन वर्षं उत्तर गोलार्धातली गेल्या अडीच हजार वर्षांतली सर्वांत थंड वर्षांपैकी ठरली. जमीन नीट तापली नाही की मान्सून कमजोर होतो. मान्सून कमजोर म्हणजे इथिओपियात पाऊस कमी, आणि मग नाईल सुकी.

म्हणजे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एक डोंगर फुटला आणि इजिप्तच्या शेतकऱ्याला कारण न कळताच त्याची खाचरं कोरडी राहिली.

मान्सूनच्या या धाग्याने आपणही बांधलेलो आहोत. १८७७ मध्ये एल निनोमुळे मान्सून फसला तेव्हा नाईलचा पूर अतिशय कमी आला आणि त्याच काळात सोलापूर, नगरपासून अख्ख्या दख्खनमध्ये १८७६-७८ चा भीषण दुष्काळ चालू होता.

पण सगळं खापर ज्वालामुखीवर फोडून चालणार नाही. इ.स.पू. ५० ची टंचाई आणि ४८ चा नीचांकी पूर हे ओकमोकच्या आधीचे. नदी वारंवार कमी येत होती, आणि मधल्या वर्षांत कोठारं भरून घ्यायला ना शांतता होती ना पैसा.

मग राणीने केलं काय? इथे पुरावे दोन्ही बाजूंनी बोलतात. जोसेफस म्हणतो की दुष्काळात तिने अलेक्झांड्रियातल्या ज्यूंना धान्य दिलं नाही. तो तिचा कट्टर द्वेष्टा, तेव्हा त्याचं म्हणणं जपूनच घ्यावं लागतं, पण शाही कोठारं उघडून धान्य वाटलं गेलं आणि ते सगळ्यांना सारखं मिळालं नाही, एवढं त्यातून दिसतं. इ.स.पू. ४१ च्या एप्रिलचा तिचा एक हुकूम आहे. खेड्यांत जमिनी कसणाऱ्या अलेक्झांड्रियाच्या लोकांकडून स्थानिक अधिकारी ज्यादा वसुली करत होते. ती तिने थांबवली, ठरलेल्या साऱ्याच्या वर काही मागायचं नाही असं बजावलं. वाचताना बरं वाटतं. पण हा दिलासा कोणाला? शहरी जमीनदारांना. साध्या कुळाला अशी सूट दिल्याचा कागद नाही.

दक्षिणेतल्या थीब्ज शहराची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिथल्या आमून देवाच्या पुजाऱ्यांनी इ.स.पू. ३९ च्या सुमारास एक शिळा कोरून घेतली, ग्रीक आणि इजिप्ती अशा दोन लिप्यांत. ती आज इटलीत ट्युरिनच्या संग्रहालयात आहे. त्यात कॅलिमाकोस नावाच्या अधिकाऱ्याचे आभार मानलेत. दुष्काळ पडला तेव्हा त्याने शहराला उपाशी मरू दिलं नाही आणि दुसऱ्यांदा संकट आलं तेव्हाही बापासारखा उभा राहिला, म्हणून त्याचे पुतळे उभारायचं ठरलं. शिळेवर राज्यकर्ते म्हणून क्लिओपात्रा आणि सीझरियन यांची नावं आहेत. वाचवल्याचं श्रेय मात्र जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला. आपल्याकडेही दुष्काळात चांगलं काम करणाऱ्या कलेक्टरचं नाव गावं पन्नास वर्षं विसरत नाहीत, तसंच हे.

एक गोष्ट तिच्या पदरात टाकायला हवी. आधीच्या टॉलेमींच्या काळात दक्षिण इजिप्तने वारंवार बंड केलं होतं, आणि ज्वालामुखी उद्रेकांनंतरच्या कमी पुराच्या वर्षांत अशी बंडं जास्त सुरू व्हायची, असं २०१७ च्या एका अभ्यासात दिसलं. क्लिओपात्राच्या वाट्याला इतके वाईट पूर येऊनही, ती परत गादीवर बसल्यानंतर तिच्याविरुद्ध दक्षिणेत मोठं बंड झाल्याची नोंद नाही. पुजाऱ्यांशी ठेवलेले संबंध, भाषा, इसिसचा अवतार म्हणून मिरवणं, हे सगळं इथे कामी आलं असणार. देंदेराच्या देवळाच्या मागच्या भिंतीवर ती सीझरियनसोबत देवांना नैवेद्य दाखवताना आजही दिसते. आर्मंटला तिने बांधलेलं जन्मगृह मात्र उरलं नाही. १९ व्या शतकात त्याचे दगड काढून नेले, साखर कारखाना बांधायला. ऊस तिथेही कोणाला सुटला नाही.

इ.स.पू. ४१ मध्ये अँटनीने तिला टार्ससला बोलावलं. सोनेरी गलबत, जांभळी शिडं, तो सगळा थाट तिथला. दोन वर्षं उपाशी राहिलेल्या देशाची राणी एवढा खर्च करून का गेली? कारण अँटनीला पूर्वेकडच्या लढायांसाठी पैसा, जहाजं आणि धान्य हवं होतं, आणि तिला रोमच्या एका बलाढ्य माणसाचा आधार. आपण कंगाल झालोय हे दाखवून हा सौदा झाला नसता. पुढची दहा वर्षं तिने तो चालवला. जुळी मुलं झाली, मग आणखी एक. शिवाय लेबनॉनचं जहाजी लाकूड, सिलिशिया, जेरिकोजवळच्या बागा, असा मुलूख पदरात पडला. त्यात पाऊस पडणारा, नाईलवर न विसंबणारा मुलूखही होता.

नंतरच्या वर्षांत पूर सुधारले असावेत, कारण इ.स.पू. ३३ च्या फेब्रुवारीतल्या एका कागदात धान्याची निर्यात दिसते. अँटनीच्या एका रोमन सहकाऱ्याला दरवर्षी १०,००० आर्टाबा गहू, म्हणजे साधारण ३०० टन, बाहेर न्यायला आणि ५,००० रांजण दारू आत आणायला जकात माफ. शिवाय त्याच्या जमिनीला करमाफी. कागदाच्या खाली वेगळ्या हस्ताक्षरात मंजुरीचा एकच ग्रीक शब्द आहे. तो खुद्द क्लिओपात्राच्या हातचा असावा असं काही अभ्यासक मानतात, सगळे नाही. हा कागद टिकला कसा? जुनी रद्दी म्हणून तो एका ममीच्या वेष्टनात चिकटवला गेला होता.

बाकीचं सगळ्यांना ठाऊक आहे. २ सप्टेंबर, इ.स.पू. ३१ ला ऍक्टियमच्या समुद्रात पराभव आणि पुढच्या वर्षी ऑगस्टच्या पूर्वार्धात अलेक्झांड्रिया ऑक्टेव्हियनच्या हाती. अँटनीने तलवार पोटात खुपसली. काही दिवसांनी ३९ वर्षांची क्लिओपात्राही गेली, सापाने की विषाने, यावर वाद आहे. त्या दिवसांत नाईल चढणीवर असते. पाणी खाचरांत सोडायची वेळ.

ऑक्टेव्हियनने देश ताब्यात घेतल्यावर जे केलं ते बघण्यासारखं आहे. त्याने आपले सैनिक फावडी घेऊन कालव्यांत उतरवले आणि वर्षानुवर्षं साचलेला गाळ उपसून काढला. म्हणजे नदी रुसली होती हे खरं, पण पाटही बुजले होते. लढाया, कर्ज आणि गावं सोडून गेलेले हात यांच्यात कालव्यांकडे बघायला टॉलेमींच्या सरकारला फुरसत नव्हती. ही साफसफाई किती मोलाची होती ते भूगोलकार स्ट्रेबोच्या आकड्यांत दिसतं. तो तेव्हा स्वतः इजिप्तमध्ये होता. पूर्वी चांगल्या पिकाला १४ हात पाणी लागायचं आणि ८ हातांवर दुष्काळ पडायचा. रोमन सुभेदार पेट्रोनियसच्या काळात १२ हातांत भरघोस पीक आलं आणि ८ हातांवरही कोणी उपाशी राहिलं नाही. नदी तीच होती. पण आता तिचं कमी पाणीही जास्त शेतांत पोचत होतं.

त्या पिकाचा मोठा वाटा मात्र इजिप्तमध्ये राहिला नाही. तो जहाजांत भरून रोमला जाऊ लागला. जोसेफसच्या हिशोबाने रोमला वर्षातले चार महिने पुरेल एवढं धान्य एकट्या इजिप्तमधून यायचं. हा देश इतका मोलाचा होता की ऑक्टेव्हियनने तो स्वतःच्या थेट हाताखाली ठेवला आणि रोमच्या सिनेटरांना परवानगीशिवाय तिथे पाऊल ठेवायलाही बंदी घातली. ज्याच्या हातात नाईलचा गहू, त्याच्या हातात रोमची भूक.

पुढे त्याचं नाव ऑगस्टस झालं. इ.स.पू. ८ मध्ये रोमच्या सिनेटने एका महिन्याला त्याचं नाव द्यायचं ठरवलं. त्यासाठी त्याच्या जन्माचा सप्टेंबर निवडला नाही, निवडला तो इजिप्त जिंकल्याचा महिना. सेक्स्टिलिस नावाचा तो महिना तेव्हापासून ऑगस्ट झाला.